‘तुंबाड’विषयीं आमच्या घरचीं मतें

भुताखेतांचा बोलपट घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून पाहावा काय, याविषयीं आमचें मत अगदीं अलीकडेपर्यंत प्रतिकूल होतें. शिक्षकाच्या पेशांत असतांना आम्हीं वर्गांत असलीं पुस्तकें फिरूं दिलीं नाहींत. आणि घरींहि कोणीं तो विषय काढला, म्हणजे दिवेलागण झाली आहे, मारुतिस्तोत्र म्हणा, असें सांगून आम्ही तो मिटवीत आलों. त्या स्तोत्राचे कर्ते श्रीसमर्थ रामदास यांचें जन्मग्राम जांब हें आमच्याच घनसावंगी तालुक्यांत आहे. त्यामुळें तीर्थपुरीच्या मुलांस भुतांचें भय आणि त्यावरील उतारा हीं दोन्ही बहुधा एकाच संध्याकाळीं मिळतात. असें असतां सन २०२४ च्या दिवाळींत, भाऊबिजेच्या रात्रीं, लहान मुलांस जेवूं घालून निजविल्यावर, आमच्या घरच्या अकरा मोठ्या माणसांनीं ‘तुंबाड’ हा बोलपट एकत्र बसून पाहिला. त्यावर पुढें तीन दिवस जी चर्चा झाली, ती इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें क्रमानें देत आहों.

प्रथम निमित्त सांगतों. हा बोलपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं, नवरात्रांत, प्रदर्शित झाला. त्याच वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत समीक्षक-सप्ताहाचा आरंभ या चित्रानें झाला होता. हा मान त्यापूर्वीं कोणत्याहि भारतीय चित्रास मिळाला नव्हता. छायालेखन, कलादिग्दर्शन व ध्वनियोजना यांसाठीं पुढें फिल्मफेअरचीं पारितोषिकेंहि त्यास मिळालीं. परंतु चित्रगृहांतील प्रेक्षकांनीं त्याकडे त्या वेळीं बेताचेंच लक्ष दिलें. मागाहून घरोघर तो पाहिला गेला, एकानें दुसऱ्यास सांगितलें, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजीं, गणेशोत्सवांत, तो पुन्हां चित्रगृहांत लागला तेव्हां पहिल्या खेपेपेक्षां दुसऱ्या खेपेचें उत्पन्न अधिक झालें. आमचा पुतण्या छत्रपति संभाजीनगरास शिकत असतो. तो अनंत चतुर्दशीस घरीं आला तो हाच विषय घेऊन. त्या वर्षीं अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरास, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनींच आली होती. या योगायोगाचा पुढें संबंध येणार आहे, म्हणून तो नमूद केला.

ज्यांनीं बोलपट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत अशी. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर हा लोभी निघाला. त्यानें देवीचें सोनें बळकावलें, पण धान्याला हात घालतांच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनें त्यास वांचविलें, तें त्याची पूजा कोणीं कधीं करूं नये या अटीवर. तुंबाडच्या एका घराण्यानें ती अट मोडून त्याचें देऊळ बांधिलें, आणि तेव्हांपासून त्या गांवावर अखंड पाऊस कोसळतो. त्या घराण्याचा वंशज विनायकराव १९१८ सालीं लहान असतांना आईबरोबर तुंबाड सोडून पुण्यास जातो. तेथें परत न येण्याचें वचन आई त्याच्याकडून घेते. १९३३ सालीं तो परत येतो. हस्तर जन्माचा भुकेला. त्याच्यापुढें पिठाची बाहुली टाकावी, आणि तो ती खात असेल तेवढ्यांत त्याच्या लंगोटींतील मोहरा काढून घ्याव्या, ही विद्या तो साधतो. पुढें हीच विद्या तो आपल्या अल्पवयी मुलास शिकवितो. १९४७ सालीं या विद्येचा शेवट काय होतो, तें पाहणाऱ्यानेंच पाहावें.

पहिलें मत आमच्या धाकट्या बंधूंचें. ते कै. नारायण धारप यांचे कट्टर वाचक आहेत. धारपांची (१९२५–२००८) पुस्तकें वाचनालयांत येत तेव्हां तीं प्रथम हातीं पडावीं म्हणून त्यांनीं ग्रंथपालाशीं मुद्दाम स्नेह ठेविला होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांस या चित्राचें बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेंत मिळालें, आणि तेंहि वाचून नव्हे. १९९३ सालीं रानांत एका मित्रानें ती कथा सांगितली, ती त्यांच्या मनांत राहिली. बंधूंचें म्हणणें असें, कीं मूळ कथेंतलें भय बोलपटाच्या पहिल्या भागांतच आहे. धाकट्या भावास अपघात होतो, आई त्यास घेऊन बाहेर पडते, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटें मूल घरांत राहतें. बाहेर रात्र, आंत आजी, एवढ्यावर धारपांनीं वाचकाची झोंप उडविली. पुढचें देऊळ, मोहरा, देवीचा गर्भ हा सर्व पसारा बोलपटवाल्यांचा. ‘पुस्तकांत आजी आपल्या घरची वाटते, पडद्यावर ती दुसऱ्याची झाली,’ असें ते म्हणाले.

यावर पुतण्यानें त्यांस खिंडींत गाठलें. तो म्हणाला, ‘काका, धारपांनींहि ती आजी अमेरिकेहून आणली होती.’ तें खरें आहे. स्टीफन किंग यांची ‘ग्रॅमा’ नांवाची कथा १९८४ सालीं प्रसिद्ध झाली, तिचें ‘आजी’ हें मराठी रूप. आणि ‘लुचाई’ या धारपांच्या गाजलेल्या कादंबरीचेंहि मूळ किंग यांच्याच एका कादंबरींत आहे. बंधु क्षणभर गप्प झाले. आम्हांस यांत गप्प होण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. वेताळाच्या पंचवीस गोष्टी सोमदेवानें अकराव्या शतकांत काश्मिरांत संस्कृतांत उतरविल्या, त्या गुणाढ्याच्या बृहत्कथेच्या परंपरेंतून. आणि ती बृहत्कथा तर पैशाची भाषेंत होती म्हणतात. भयकथा ही कोणाच्या मालकीची नसते. जो ती आपल्या घरांत आणून अशी बसवितो, कीं घरच्या माणसांस ती आपलीच वाटावी, त्याचा तिच्यावर हक्क. बर्वे यांनीं तिला कोंकणांतील वाड्यांत बसविलें, आणि गांवाचें नांव घेतलें तें श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या दोन खंडांच्या कादंबरीवरून. कोंकण व पुणें यांतील मराठी माणसें पडद्यावर हिंदी कां बोलतात, हा आमच्या आत्याबाईंचा आक्षेप मात्र अखेरपर्यंत कोणास खोडतां आला नाहीं.

आमच्या थोरल्या बंधूंनीं दुसराच मुद्दा काढिला. ते याज्ञिकी करतात. देवीच्या पोटीं असला पुत्र घालणें त्यांस मानवलें नाहीं. असलें पुराण कोठें आहे तें दाखवा, असें ते म्हणाले. आम्हीं जीं पुराणें पाहिलीं आहेत त्यांत हस्तर हें नांव कोठेंहि आढळलें नाहीं. अँब्रोझ बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१ सालच्या एका कथेंत मेंढपाळांच्या देवाचें नांव जवळजवळ असेंच आहे, आणि तेथून तें इतर इंग्रजी भयकथांत गेलें. तेव्हां तरुण वाचकांनीं ही कथा पौराणिक आहे असें समजूं नये. तें बोलपटासाठीं रचलेलें पुराण आहे. परंतु त्यांतील कल्पना आपल्यास परकी आहे असें मात्र नाहीं. समुद्रमंथनांतून लक्ष्मीच्या आधीं तिची ज्येष्ठ भगिनी अलक्ष्मी निघाली, असें पद्मपुराण सांगतें. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण नवी केरसुणी पुजतों ती कशासाठीं? धनाच्या पाठोपाठ घरांत जें शिरतें तें झाडून काढावयाचें म्हणूनच ना? हें ऐकून थोरले बंधु म्हणाले, ‘मग अलक्ष्मीच दाखवायची होती, नवा देव कशाला?’ हा वाद येथेंच राहिला.

आतां पुतण्याचें मत. त्यानें हें चित्र दोनदां पाहिलें. तें भीतिदायक नाहींच, पण सुंदर आहे, असें तो म्हणतो. खऱ्या पावसाची वाट पाहत कित्येक पावसाळे घालवून तें घेतलें असल्यामुळें त्यांतला पाऊस अंगावर पडल्यासारखा वाटतो, आणि अंधार हा काळ्या रंगासारखा न वाटतां अंधारासारखा वाटतो, हें त्याचें निरीक्षण आम्हांसहि पटलें. पण दचकविणारीं स्थळें थोडीं, म्हणून भयपट म्हणून तें उणें, असें त्याच्या मित्रमंडळींत पुष्कळांचें मत पडलें.

येथें आम्हांस आमचें जुनें अध्ययन कामास आलें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत भयानक रसाची उत्पत्ति बीभत्सापासून सांगितली आहे. म्हणजे आधीं किळस, मग भय. आजीचें तें रूप आठवावें, म्हणजे हा क्रम समजतो. दुसरें असें, कीं भय हा भाव स्त्रियांच्या व हीन प्रकृतीच्या माणसांच्या ठायीं असतो असें मुनि म्हणतात. हें आम्हीं सांगतांच आमच्या वहिनींनीं शांतपणें विचारलें, ‘मग काल रात्रीं पाणी प्यावयास तिघे पुरुष एकत्र कां गेले?’ मुनींच्या वतीनें आमच्याजवळ उत्तर नव्हतें. परंतु तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. भयाचीं कारणें सांगतांना भरतमुनि ओसाड घर आणि अरण्य यांच्याच पंक्तीस वडिलांचा किंवा राजाचा केलेला अपराध बसवितात. माणूस भितो तो पुढें काय आहे म्हणूनच नव्हे. आपण मागें काय करून आलों आहों, म्हणूनहि भितो.

वहिनींचें मत नेमकें हेंच होतें, आणि त्यांनीं नाट्यशास्त्र पाहिलेलें नाहीं. त्या म्हणाल्या, ‘मला त्या राक्षसाचें भय वाटलें नाहीं. ती आई एका मोहरेच्या आशेनें त्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा करीत सारीं वर्षें घालवते, आणि शेवटीं मुलाकडून एवढेंच मागते कीं परत जाऊं नकोस. तो गेला. तेव्हांच मला कांपरें भरलें. पुढचें सगळें मग व्हायचेंच होतें.’ सूनबाईंनीं त्यास जोड दिली, कीं विनायकराव दुष्ट दिसत नाहीं, संसारी दिसतो. घर चालवितो, मुलावर मायाहि करतो, आणि त्याच मायेनें मुलाला घेऊन त्या विहिरींत उतरतो. हें पाहतांना आपण बसल्या जागीं सरकून बसलों, असें ती म्हणाली.

या सर्व काळांत आमच्या मातोश्री कांहींच बोलल्या नव्हत्या. त्यांस नव्वदीला दोनच वर्षें कमी. बोलपट संपला त्या रात्रीं त्या एवढेंच म्हणाल्या होत्या, ‘हें भुताचें नव्हे. हें आपल्या बळदाचें आहे.’ तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें त्यांस त्याचा अर्थ विचारला, आणि त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. तेव्हां जें सांगणें भाग पडलें तें वाचकांसहि सांगतों.

बळद म्हणजे आमच्याकडील जुन्या वाड्यांतून जाड भिंतींच्या पोटांत ठेवलेली धान्याची कोठी. तसें एक आमच्या माजघरालगत आहे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थानांत रझाकारांचा धुमाकूळ चालला असतां पुष्कळ घरांनीं डागिने व हाली सिक्क्याचे रुपये जमिनींत पुरून ठेविले. १३ सप्टेंबरास भारताच्या फौजा संस्थानांत शिरल्या, १७ सप्टेंबरास निजामानें शरणागति पत्करली, आणि लोकांनीं आपापलें पुरलेलें उकरून काढिलें. आमचे पणजोबा मात्र त्याच पावसाळ्यांत वारले, आणि त्यांनीं बळदांत हंडा पुरला होता अशी वदंता मागें राहिली. हंडा कोणीं पाहिला नव्हता. तो पुरतांनाहि कोणीं पाहिलें नव्हतें. तरी आमच्या आजोबांचे धाकटे बंधु, ज्यांस आम्ही बापूआजोबा म्हणत असूं, यांनीं पुढचीं वीसहून अधिक वर्षें त्या हंड्यापायीं घालविलीं.

आम्ही पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेले. पायाळूनें पाय लावला म्हणजे पाठीची उसण उतरते, पायाळूवर वीज पडते, आणि डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे पायाळूस भूमींतलें धन दिसतें, अशा समजुती त्या काळीं घरोघर होत्या. १९६७ सालीं आम्ही सात वर्षांचे असतां एका अमावास्येच्या रात्रीं बापूआजोबांनीं आम्हांस अंथरुणांतून उठविलें, डोळ्यांत अंजन घातलें, आणि बळदांत उतरविलें. दिवा बाहेर ठेविला होता. अंजन झोंबत होतें. आंत जुन्या ज्वारीचा व उंदरांचा वास होता. ‘काय दिसतें?’ त्यांनीं विचारलें. कांहीं दिसत नव्हतें, तें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पुन्हां विचारलें. तिसऱ्या वेळीं त्यांचा आवाज मऊ झाला आणि त्यांनीं आम्हांस ‘बाळा’ म्हटलें. त्यांनीं तसें पूर्वीं कधीं म्हटलें नव्हतें. आम्हीं ईशान्येच्या कोपऱ्याकडे बोट दाखविलें आणि सांगितलें, कीं तेथें पिवळें दिसतें.

दुसऱ्या दिवसापासून तो कोपरा खणावयास आरंभ झाला. मग मांत्रिक आले, त्यांची दक्षिणा आली. चार एकर चांगली जमीन विकली गेली. धाकट्या आजींच्या दुखण्यास वैद्य आणावयाचा तो पुढच्या महिन्यावर जात राहिला, आणि त्या आषाढांत वारल्या. हंडा निघाला नाहीं. बापूआजोबांनीं मरतेसमयीं आम्हांस जवळ बोलावून पुन्हां विचारलें, ‘पिवळेंच होतें ना?’ आम्हीं होय म्हटलें. पुढें जन्मभर शाळेंत मुलांस खरें बोलण्याचे धडे दिले, आणि ही गोष्ट सत्तावन्न वर्षें कोणास सांगितली नाहीं. बोलपटांत तो लहान मुलगा बापाची शाबासकी मिळावी म्हणून सोन्याची नवी युक्ति सुचवितो, तेव्हां घरांतल्या इतर सर्वांनीं पडद्याकडे पाहिलें. आम्हीं जमिनीकडे पाहिलें.

मातोश्री म्हणाल्या, ‘मला ठाऊक आहे. त्या रात्रीं मी दाराशींच होतें. मामंजींना अडवायची माझी छाती झाली नाहीं.’ मग थोड्या वेळानें म्हणाल्या, ‘तूं नाहीं म्हणाला असतास तर दुसऱ्या रात्रीं त्यांनीं दुसरें पोर बसवलें असतें. त्यांना हंडा दिसायचाच होता. तो तुझ्या डोळ्यांनीं दिसला, एवढेंच.’ यानें आमचा अपराध धुतला गेला असें आम्हीं मानीत नाहीं. पण तो वाहणारे आम्ही एकटेच नव्हतों, हें त्या दिवशीं कळलें.

हें सर्व जुन्या काळचें, असें म्हणून वाचकांनीं समाधान मानूं नये. गुप्तधनासाठीं चाललेल्या अघोरी प्रकारांच्या बातम्या अद्याप वर्तमानपत्रांत येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, तो महाराष्ट्रांत झाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजीं त्यांची हत्या झाल्यानंतर. त्या कायद्यानें करणी-भानामतीप्रमाणेंच धनाच्या शोधासाठीं केलेलें अमानुष कृत्यहि गुन्हा ठरविलें आहे. आणि खरोखरच जमिनींत कांहीं सांपडलें, तरी तें मुकाट्यानें घरांत ठेवण्याची मुभा नाहीं. दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, असा १८७८ सालचा निखात निधीचा कायदा सांगतो. बापूआजोबांस हा कायदा ठाऊक नव्हता. असता तरी त्यांनीं खणणें थांबविलें असतें असें नव्हे.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नास आमचें आजचें उत्तर असें. मुलांस असले बोलपट दाखवूं नयेत; पण मोठ्यांनीं ‘तुंबाड’ एकत्र बसून पाहावा, आणि लगेच उठूं नये. ज्यास त्यांत राक्षस दिसेल त्यास फारसें भय वाटणार नाहीं, आणि त्याचें मत चुकीचें आहे असेंहि नव्हे. ज्यास स्वतःचें घर दिसेल त्याच्याकडे इतरांनीं लक्ष ठेवावें, आणि त्यास बोलूं द्यावें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मातोश्रींचें बोलणें संपलें तेव्हां दाराआडून आमची आठ वर्षांची नात पुढें आली. तिला झोंपविलें आहे अशी आमची समजूत होती. तिनें विचारलें, ‘आजोबा, मग तो हंडा अजून तिथेंच असेल का हो?’ कोणी हसलें नाहीं. थोरल्या बंधूंची नजर बळदाकडे गेली. धाकट्या बंधूंची गेली. आमचीहि गेली. मातोश्रींनीं नातीला जवळ घेऊन सांगितलें, कीं यंदाची बाजरी पोत्यांत ठेवावयाची नाहीं, बळदांत ओतावयाची. पुष्कळ वर्षें तें रिकामें होतें. दुसऱ्या दिवशीं घरच्या सर्वांनीं मिळून तें झाडलें, सारविलें, आणि भरलें.